घरसंसार : सोफ्याच्या गादीत काय भरावे?



कल्याणहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चार पानी आहे, पण मुद्दा एकच. थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते, म्हणून भिशीचे पैसे मिळताच त्यांनी सोफासेट घेतला. तिघांचा एक मोठा सोफा आणि एकेकाच्या दोन खुर्च्या. दुकानदाराने ‘फोम एक नंबरचा आहे’ असे सांगितले. पाहुणे आले, मुलगी पसंत पडली, साखरपुडाही झाला. आणि लग्नाच्या आधीच, आठव्या महिन्यात, मोठ्या सोफ्याच्या मधल्या जागी खड्डा पडला. सासूबाई त्यात बसल्या की दोघींनी हात देऊन उठवावे लागते. दुकानात जाऊन विचारले तर ‘तुमच्या घरची माणसे जड आहेत’ असे उत्तर मिळाले. आता गादी बदलायची तर एक जण फोम सांगतो, दुसरा काथ्या सांगतो, आणि सासूबाई म्हणतात, कापूस भर. पत्राच्या शेवटी या भगिनी लिहितात, ‘ताई, पुन्हा फसायला पैसे नाहीत. काय भरू ते स्पष्ट सांगा.’

हे पत्र घेऊन मी आमच्या भागातल्या दोन गादीवाल्यांकडे आणि सोफे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे जाऊन बसले. जे कळले ते आज सविस्तर सांगते, कारण अशी पत्रे याआधीही आली होती आणि मी ती बाजूला ठेवली होती. सोफ्यावर काय लिहायचे, असे मला वाटले होते. ती माझी चूक झाली.

आपल्या घरात बसायला चांगली जागा असणे ही नुसती हौस नाही. लहानपणी शाळेत बाबासाहेबांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट संध्याकाळी घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे, कारण शाळा झाडणारा माणूससुद्धा त्याला शिवत नसे. हे त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना गावात कोणासमोर खाटेवर बसायची सोय नव्हती. म्हणून शहरात आलेल्या आपल्या माणसाने खोली घेतली की तो आधी तसबिरी लावतो आणि मग चार खुर्च्या आणतो. आल्या माणसाला ‘बसा’ म्हणताना आपल्याला जे वाटते ते दुकानदारालाही ठाऊक असते. त्यामुळे वरचे कापड झगमगीत, लाकडाला पॉलिश, आणि आत काय भरले ते झाकलेले. पैसे मात्र आपण आतल्याचेही मोजलेले असतात.

आता कामाचे बोलू. गादी बसली म्हणून लगेच फोम बदलायला धावू नका. आधी गादी उचला आणि खाली हात घाला. सोफ्याच्या बैठकीखाली एक तर प्लायची फळी असते, नाही तर इलॅस्टिकचे पट्टे ताणून ठोकलेले असतात, किंवा नागमोडी स्प्रिंगा असतात. पट्टे ढिले झाले, पिना निघाल्या किंवा एखादा पट्टा तुटला, तर वरचा फोम कितीही चांगला असो, तो खालच्या खड्ड्यात जाणारच. कारागीर मामा म्हणाले की त्यांच्याकडे ‘फोम बदला’ म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी पुष्कळांचा फोम बरा असतो आणि पट्टा गेलेला असतो. पट्टा बदलणे हे फोमपेक्षा फार स्वस्त काम आहे. अर्थात हे गिऱ्हाइकाला सांगितले तर धंदा कमी होतो, म्हणून सगळे कारागीर सांगत नाहीत. मामांनी सांगितले, त्यांचे आभार.

मी कल्याणच्या भगिनींना फोन करून गादी काढायला लावली. मोठ्या सोफ्याखालचे दोन पट्टे एका टोकाने सुटलेले निघाले. मग त्यांना गादीच्या कव्हरची चेन उघडायला सांगितले. आत वर जेमतेम २ इंच फोम होता आणि त्याखाली पांढरी, चकचकीत, प्लॅस्टिकसारखी जाड पट्टी होती. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यात जी गुंडाळलेली येते तीच जात. तिला ईपीई म्हणतात. ती नवी असताना फोमपेक्षा घट्ट लागते, म्हणून दुकानात बसून पाहिले तर सोफा मजबूत वाटतो. पण ती रोजच्या बसण्यासाठी केलेली नाही. एकदा दबली की काही महिन्यांत चपटी होते आणि पुन्हा वर येत नाही. म्हणजे सासूबाईंच्या वजनाचा त्यात काही दोष नव्हता.

सोफा घेताना चेन उघडून पाहायचा आपला हक्क आहे. ज्या गादीला चेनच नाही, सगळीकडून शिवून किंवा ठोकून बंद केली आहे, तिथे मागच्या बाजूचे अस्तर थोडे उचलून दाखवा म्हणावे. दुकानदाराने नाही म्हटले तर दुसरे दुकान पाहावे. बाजारात दुकानांना तोटा नाही.

फोमची गोष्ट थोडी समजून घेतली पाहिजे, कारण इथेच जास्त फसवणूक होते. आपण ज्याला फोम म्हणतो तो पीयू फोम, म्हणजे पॉलियुरेथेन. त्याची रासायनिक कृती १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली. रसायने एकत्र आली की पाव फुगावा तसा तो फुगतो आणि आत हवेचे बारीक बारीक कप्पे तयार होतात. त्यात माल किती आणि हवा किती, यावर फोमचे आयुष्य ठरते. यालाच बाजारात डेन्सिटी म्हणतात. १ घनमीटर फोमचे वजन जितके किलो, तितकी त्याची डेन्सिटी. १८, २३, २८, ३२, ४० असे आकडे दुकानात ऐकू येतात. १८ चा फोम बैठकीला मुळीच घालू नये. २३ चा पाठीला चालतो. रोज बसायच्या जागी निदान ३२ हवा, आणि जिथे रात्री कोणी झोपते तिथे ४०.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. डेन्सिटी वेगळी आणि कडकपणा वेगळा. हलका फोमसुद्धा कडक करता येतो आणि भारी फोम मऊ असू शकतो. दुकानदार अंगठ्याने दाबून ‘बघा किती हार्ड आहे’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. अंगठ्याने कडकपणा कळतो, टिकाऊपणा कळत नाही. टिकाऊपणा वजनावरून कळतो आणि वजन करायला आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला काटा पुरतो.

हिशेब सोपा आहे, शाळेत जाणारे पोर करील. फोमची लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करा. त्याला डेन्सिटीने गुणा आणि ६१,००० ने भागा. जे येईल ते किलोतले वजन. २ फूट लांब, २ फूट रुंद आणि ४ इंच जाड तुकडा घेतला तर २४ गुणिले २४ गुणिले ४ म्हणजे २,३०४. हा तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर सुमारे दीड किलो भरेल. ३२ चा असेल तर १ किलो २०० ग्रॅम. २३ चा पाऊण किलोच्या थोडा वर, ८७० ग्रॅमच्या आसपास. आणि १८ चा ७०० ग्रॅमसुद्धा नाही. ४० चे पैसे घेऊन कोणी ९०० ग्रॅमचा तुकडा हातात ठेवला तर त्याच्यासमोरच काट्यावर ठेवा. भांडायची गरज नाही, काटा बोलतो. थोडाफार फरक चालायचा, कारण कापताना कमीजास्त होते.

इथे एक पळवाट आहे तीही सांगून ठेवते. काही ठिकाणी फोम करतानाच त्यात खडूसारखी पूड मिसळतात. त्यामुळे वजन भरते, पण जीव नसतो. अशा फोमचा कोपरा चिमटीत धरून चुरडला तर भुगा सुटतो, आणि दाबून सोडला तर तो सावकाश वर येतो. चांगला फोम दाबून सोडताच वर येतो आणि चिमटीत तुटत नाही.

रंगीबेरंगी ठिपक्यांचा जो फोम दिसतो तो रीबॉन्डेड. फोमच्या कारखान्यातले तुकडे गोळा करून, डिंक लावून, दाबून तो करतात. तो दिसायला टाकाऊ वाटतो, पण टाकाऊ नाही. तो चांगलाच जड आणि घट्ट असतो. नुसत्यावर बसले तर दगडासारखा लागतो. पण तळाला २ इंच रीबॉन्डेड आणि वर २ किंवा ३ इंच साधा चांगला फोम अशी जोडी फार दिवस टिकते. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तर हीच बैठक चांगली, कारण शरीर आत रुतत नाही आणि हाताला जोर देऊन उठता येते. मऊ सोफा पाहुण्याला आवडतो. रोज उठबस करणाऱ्या आजीला तो शत्रू वाटतो.

आता सासूबाईंचा कापूस. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. कापूस थंड असतो, घाम शोषतो, त्याला वास नसतो, आणि फोमसारखा तो एकदा गेला की संपला असे होत नाही. गादी उसवा, कापूस पिंजून घ्या, थोडा नवा घाला, पुन्हा भरा. एकाच कापसावर दोन पिढ्या झोपलेल्या मी पाहिल्या आहेत. पण सोफ्याच्या बैठकीला तो चालत नाही. एकाच जागी रोज वजन पडले की कापूस दबून त्याच्या गाठी होतात आणि मग टाके घातलेली फळी तयार होते. शिवाय मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात तो ओल धरतो आणि कुबट वास येतो. त्याला दर आठ-पंधरा दिवसांनी कडक ऊन हवे. चाळीच्या चौथ्या मजल्यावर सोफ्याची गादी रोज उन्हात कोण नेणार? पाठीचे तक्के, लोड, उशा, जमिनीवर घालायची गादी, यांना मात्र कापसासारखे दुसरे काही नाही.

कापसाचा विषय निघाला म्हणून एक आठवण. मुंबईच्या गिरण्यांत आपली हजारो माणसे राबली, पण बरीच वर्षे त्यांना विणकाम खात्यात शिरू देत नसत. तिथे पगार जास्त असे. कारण असे सांगत की धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याचा विटाळ होतो. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कापूस पिंजणाऱ्यांच्या छातीत जाणारी धूळ चालत होती, धाग्याला लागलेली थुंकी चालत नव्हती. आजही गादीवाल्या चाचांच्या दुकानात बसले तर दहा मिनिटांत नाकात पूस जमतो. पिंजायला गादी दिली तर घासाघीस जरा कमी करावी, असे मला वाटते.

कापूस म्हणून काय विकतात तेही पाहिले पाहिजे. पांढरा, लांब धाग्याचा कापूस महाग. त्यात कापडाच्या कारखान्यातल्या चिंध्यांचा मशीनवर केलेला भुसा मिसळतात. मुठीत घेऊन पिंजारला तर त्यात निळे, लाल, काळे धागे दिसतात. ते दिसले की समजावे. त्याहून वाईट प्रकारही घडले आहेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाची साथ भरात असताना, जळगावच्या एमआयडीसी भागात वापरून फेकलेले मास्क गादीत भरणारा कारखाना पोलिसांनी पकडला होता. म्हणून तयार शिवलेली स्वस्त गादी घेण्यापेक्षा डोळ्यांसमोर भरून घ्यावी. अर्धा दिवस जातो, जाऊ द्या.

सावरीच्या कापसाबद्दल थोडेसे. आपल्याकडे रानात काटेसावर असते, तिच्या बोंडातला हा रेशमासारखा कापूस. तो हलका असतो आणि पाणी लवकर धरत नाही. उशीला उत्तम. पण तो निसटता असतो, पातळ कापडातून बाहेर येऊन घरभर उडतो, आणि पेटला तर भर्रकन पेटतो. उशीला घट्ट विणीचे दुहेरी कापड असेल तरच घ्यावा.

काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचा धागा. त्याला पीळ देऊन, मोकळा करून, वर रबराचा चीक फवारून त्याचे ठोकळे करतात. त्यातून हवा खेळते, म्हणून उकाड्यात चांगला. कडक असतो, कंबर दुखणाऱ्यांना मानवतो. पण त्यावर पाणी सांडले आणि तो नीट सुकला नाही तर रबर सुटते. मुले उड्या मारतात तिथे धागे तुटतात आणि गादीखाली तांबूस भुगा पडू लागतो. तो दिसला की काथ्याचे दिवस भरले. ज्या घरात लहान मुले नाहीत तिथे तळाला काथ्या, वर एक-दीड इंच फोम, ही जोडी मी सुचवीन. मुलांच्या घरात नको.

रेक्रॉन म्हणून जो पांढरा, भुरभुरीत पॉलिएस्टरचा धागा मिळतो तो पाठीच्या उशांना ठीक आहे. हाताने धुता येतो, लवकर वाळतो. बैठकीला नको, महिन्यात चपटा होईल. खरा रबरी लॅटेक्स फार टिकतो, पण त्याचा भाव आपल्या आवाक्यातला नाही. मेमरी फोमच्या जाहिराती पाहून कोणी भुलू नये. तो अंगाची ऊब धरून ठेवतो आणि आपल्या पत्र्याच्या छपराखाली ती सोसायची नाही.

एक वाचक भगिनी मागे विचारत होत्या की वर्षावासात उपोसथ धरतो, तेव्हा आठ शिलांत उंच आणि मोठ्या शयनाचा त्याग आहे, मग घरात सोफा चालेल का? आपले रोजचे पंचशील आहे त्यात ही अट नाही. उपोसथाच्या दिवशी जमिनीवर चटई घालावी, सोफा कुठे पळून जात नाही. भगवान बुद्धांनी भिक्खूंसाठी या बाबतीत किती बारीक विचार केला होता ते विनयपिटकात पाहण्यासारखे आहे. चुल्लवग्गात पाच प्रकारच्या भरणाच्या गाद्यांना परवानगी आहे : लोकर, कापडाच्या चिंध्या, झाडाची साल, गवत आणि पाने. गादीला तिथे पालीत ‘भिसी’ शब्द आहे, आपल्या भिशीशी त्याचा संबंध जोडू नये. झाडाचा, वेलीचा आणि गवताचा कापूस मिळाला तर तो पिंजून उशी करावी, पण उशी डोक्याएवढी असावी, अर्ध्या अंगाएवढी नको, असेही सांगितले आहे. कापूस भरलेली खाट-चौरंग मात्र भिक्खूने स्वतःसाठी करू नये. भन्तेजींना भोजनदानाला बोलावले तर त्यांना कुठे बसवायचे, असा पेच पुष्कळांना पडतो. आमच्याकडे साध्या खुर्चीवर धुतलेली पांढरी चादर घालतात. तेवढे पुरते.

आता आगीबद्दल. हे मात्र प्रत्येकीने वाचावे. पीयू फोम पेटला की आग फार वेगाने पसरते आणि काळा, विषारी धूर निघतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइडही असतो. माणूस भाजण्याआधी धुराने पडतो. १९७९ साली इंग्लंडात मँचेस्टरच्या एका मोठ्या दुकानात फर्निचरच्या विभागात आग लागून १० माणसे मेली. अशा आगींनंतर तिथे १९८८ साली कायदा करून सोफा-गादीत कसला फोम भरावा याचे नियम घातले. आपल्याकडे घरच्या सोफ्यासाठी दुकानात कोणी तसे विचारतसुद्धा नाही.

आपल्या खोल्या दहा बाय बारा, दहा बाय पंधरा. एका भिंतीला सोफा, त्याच्याच वर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली फळीवर मेणबत्त्या आणि उदबत्ती. १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, ६ डिसेंबरला मेणबत्त्यांची संख्या वाढते. वंदना झाली की सगळे विहाराकडे किंवा मिरवणुकीकडे निघतात आणि मेणबत्ती जळत राहते. ती कलंडली तर खाली काय आहे? फोम आहे. तसबिरीची फळी सोफ्याच्या वर नको, दुसऱ्या भिंतीला घ्या. जागाच नसेल तर मेणबत्ती पाण्याच्या ताटलीत उभी करा आणि घरातून निघताना विझवा. विझवण्यात कसलाही अनादर नाही. मोबाइल चार्जिंगला लावून सोफ्यावर किंवा उशीखाली ठेवायची सवय मुलांना लागली आहे, तीही मोडा. आणि सोफा पेटलाच तर विझवत बसू नका. माणसे बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ लावा.

तान्हे बाळ सोफ्यावर झोपवू नये, हेही याच ठिकाणी सांगते. मऊ गादीत आणि पाठीच्या फटीत बाळाचे तोंड दबते आणि त्याला मान वळवता येत नाही. बाळाला सपाट, घट्ट गादीच हवी.

पावतीचे सांगायचे राहिले. ‘सोफासेट १ नग’ एवढीच पावती घेऊ नका. बैठकीत कोणता फोम, किती डेन्सिटी, किती इंच, वॉरंटी किती, हे पावतीवर लिहून मागा. लिहायला जो कचरतो त्याच्या तोंडच्या ‘एक नंबर’ला काही अर्थ नाही. लिहिलेले असेल आणि माल तसा नसेल तर ग्राहकांसाठी १९१५ हा फोन आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही. वकील केलाच पाहिजे असे नाही. कल्याणच्या भगिनींच्या पावतीवर नुसतेच ‘सोफा’ आणि रक्कम होती. तरी मी त्यांना गादी उघडून आतल्या ईपीईचे फोटो काढून ठेवायला सांगितले आहे. त्यांचे मिस्टर म्हणतात, लग्न होऊ द्या, मग पाहू. ठीक आहे, दोन वर्षांची मुदत आहे.

तोवर दुरुस्ती अशी ठरली. पट्टे सगळे नवे ताणून घ्यायचे, फक्त तुटलेले दोन नाही. मोठ्या सोफ्याच्या तीन बैठकींना तळाला २ इंच रीबॉन्डेड आणि वर ३ इंच ४० डेन्सिटीचा मध्यम फोम. भोवती रेक्रॉनची पातळ पट्टी, म्हणजे कव्हर भरलेले दिसते आणि कोपरे झिजत नाहीत. फोम कव्हरपेक्षा अर्धा इंच मोठा कापून घ्यायचा. पाठीचा जुना फोम बरा आहे, तो तसाच ठेवायचा. एकेरी खुर्च्यांना आता हात लावायचा नाही, त्यांवर रोज कोणी बसत नाही. नवा फोम घरी आला की दोन दिवस खिडकी उघडी ठेवून वास जाऊ द्यायचा, पण उन्हात ठेवायचा नाही. उन्हाने फोम पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होतो. कापसाला ऊन हवे, फोमला नको, हे उलटे लक्षात ठेवा.

आणि सासूबाईंसाठी त्यांच्या लग्नातल्या जुन्या गादीचा कापूस पिंजून दोन तक्के भरायला दिले आहेत. कापूस चांगला निघाला, असे गादीवाल्याने सांगितल्याचे कालच फोनवर कळले. लग्न २२ तारखेला आहे.